लाखाला एक पान कमी

माझी थोरली जाऊ चंद्राबाई हिला काळजी करायला कारण लागत नसे. तव्यावरची भाकरी टम्म फुगली तरी तिच्या मनात यायचं, एवढी चांगली फुगली म्हणजे आज काहीतरी वाईट होणार. थोरले दीर भिवाजी पौडच्या बाजाराला गेले की ही दुपारपासून पायवाटेकडं बघत बसायची, आणि ते वेळेच्या आधी आले तर विचारायची, ‘‘एवढ्या लवकर कसं आलात? काय झालं?’’ मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. आक्काच्या मनापुढं बिचाऱ्या वैऱ्याचं काहीच चाललं नसतं. मी तिला आक्काच म्हणायची. चांद्याला सून म्हणून आले तेव्हा मी सातवी पास होते, घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळं जरा शिष्टही होते. आक्काला मी हसायची. तीही कधी रागावली नाही.

एक काळजी मात्र तिची खरी होती. तिला एकुलती एक लेक, सारजा. महाळुंग्याला दिलेली. सारजाची दोन बाळं गेली होती. पहिलं पाचवी पुजायच्या आधीच, दुसरं महिन्याचं होऊन. सरकारचे नवे पैसे निघाले त्या साली श्रावणात निरोप आला की सारजाला पुन्हा दिवस गेलेत. घरात कुणी साखर वाटली नाही. आक्का मोरीत जाऊन रडली आणि सोमवारी ओलेत्यानं ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळात गेली.

नवस बोलायची आपल्या लोकांची एक रीत असते. माणूस जरा मोघम बोलतो. ‘जमेल तसं करीन’, ‘यथाशक्ती वाहीन’, म्हणजे देवालाही राग येत नाही आणि आपल्यालाही पळवाट राहते. पण आक्काला भीती, की मोघम बोललं तर महादेव मोघमच ऐकेल. तिनं पिंडीवर हात ठेवला आणि गुरव, सासूबाई, मी, गावातल्या आणखी चार बायका, सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘महादेवा, माझ्या सारजीचं लेकरू जगू दे. ती मोकळी व्हायच्या आत तुला बेलाची लाख पानं वाहीन. एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई.’’

बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘‘आक्का, लाख म्हंजी किती ठावं हाय का तुमास्नी?’’

‘‘लई,’’ ती म्हणाली. ‘‘लई असल्याबिगर त्यो ऐकंल का?’’

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. भल्या सकाळी टोपली घेऊन ती निघायची. चांद्याचे बेल संपले की सूसच्या डोंगराकडं, तिथून महाळुंग्याच्या शिवारात. आणलेला बेल धुवायचा, किडका आणि मोडका बाजूला काढायचा, कारण मोडका बेल महादेवाला चालत नाही. मग एकेक करून वाहायचा. शंभर बेल झाले की एक चिंचोका गाभाऱ्याच्या कोपऱ्यातल्या मडक्यात. असे हजार चिंचोके झाले की लाख. हिशेब साधा होता. तिच्या अडचणीच्या दिवसांत मी जायची, आणि घरी आले की ती दारातच विचारायची, ‘‘मोडका नव्हता न्हवं एकबी? शंभराला शंभरच टाकलंस न्हवं?’’ मी वैतागून म्हणायची, ‘‘एकशे एक टाकलं!’’ तशी ती पांढरीफटक पडायची. मग मलाच शपथा घालून सांगावं लागायचं की थट्टा केली.

सावळा धनगर या बेलाच्या बाबतीत आमचा वैरी. त्याच्या शेळ्यांनाही बेलाचा पाला आवडतो, आणि तो फांद्या छाटून टाकण्यात वाकबगार. आक्का टोपली घेऊन झाडाखाली पोचायची तेव्हा खाली शेळ्या आणि वर सावळा. ‘‘मेल्या, देवाचं खातोस?’’ ती ओरडायची. ‘‘म्या कुटं खातुया? शेरडं खात्यात,’’ तो वरून म्हणायचा. पण पुढं पुढं तो चांगल्या डहाळ्या तिच्यासाठी वेगळ्या टाकायला लागला. सारजाची गोष्ट त्यालाही कळली होती.

फाल्गुन आला आणि घोडं अडलं. बेलाची पानगळ सुरू झाली. आधी पिवळी पडली, मग एकेक झाड खराटा होऊन उभं राहिलं. मडक्यात चिंचोके किती? तीनशेच्या थोडे वर. सारजाला वैशाखात दिवस भरत होते. सात महिन्यांत तिसरा हिस्सासुद्धा झाला नव्हता, आणि आता पान नाही झाडाला. वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो, असं गेणबा गुरवानं सांगून पाहिलं. आक्का म्हणाली, ‘‘लेकीच्या जिवाला उष्टा बेल? न्हाई.’’ त्या आठवड्यात तिनं धड एक भाकरी खाल्ली नसेल. रात्री उठून बसायची, आणि मला जाग आली की म्हणायची, ‘‘रत्ना, त्यो मोजत असंल का गं?’’

शेवटी गेणबाच म्हणाला, ‘‘चंद्राबाई, आमच्या मामाच्या गावाला बाया दळं मोजत्यात. एका बेलाला तीन दळं, मंजी तीन पानं. तसं धर. तुजं तीनशे चिंचोकं मंजी नव्वद हजार झालं की!’’ गेणबा तसा आळशी माणूस, देवळाचा केर दुसऱ्या दिवसावर ढकलणारा, पण त्या दिवशी मला तो बृहस्पती वाटला. आक्कानं तीन-तीनदा विचारलं, खरंच अशी रीत आहे का, मामाचं नाव काय, त्या बायांची मुलं जगली का. मग देवळाच्या पायरीवर बसून तिनं पदरानं तोंड झाकलं आणि ढसाढसा रडली. मलाही भरून आलं. लाख हाताशी आला होता.

आणि मला अवदसा आठवली. म्हटलं, आता नेमके किती बेल लागतील ते काढून ठेवू, म्हणजे पळापळ नको. कोळसा घेतला आणि ओट्यावर भागाकार मांडला. लाखाला तीन. तीन त्रिक नऊ, उरला एक. त्यावर शून्य, पुन्हा तीन त्रिक नऊ, उरला एक. पुन्हा एक. पुन्हा एक. तेहतीस हजार तीनशे तेहतीस बेल, त्यांची नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव पानं. एक पान उरलं.

‘‘म्हंजी?’’ आक्का शेजारी बसली होती.

‘‘म्हंजी तीनतीननं मोजलं तर लाख पुरा व्हत न्हाई. एक पान कमी पडतं. आनि आनखी एक बेल वाहिला तर दोन जास्ती व्हत्यात.’’

‘‘तुजं चुकलं आसंल. पुन्यांदा मांड.’’

पुन्हा मांडलं. मग आमच्या शाळेत गुरुजींनी शिकवलेली युक्ती सांगितली. आकड्यातले आकडे मिळवायचे. बेरजेला तिनानं भाग गेला तर त्या आकड्याला जातो, नाहीतर नाही. लाखात एक आणि पुढं नुसती शून्यं, बेरीज एक. ‘‘दहा लाख घ्या, कोट घ्या, शून्यं लावत बसा. बेरीज एकाची एकच. कायम एक उरनार.’’

‘‘कोट वाहिलं तरी?’’

‘‘कोट वाहिलं तरी.’’

माझे यजमान कोंडाजी गोठ्यातून येताना ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘नव्या रुपयावानीच झालं की. जुना रुपया तिघांत वाटला तर पाच आनं चार पै, कुनाची तक्रार न्हाई. नव्याचं शंभर पैसं तिघांत वाटा, एक पैसा मधीच पडून ऱ्हातो.’’ आणि हसले. आक्का हसली नाही. ती त्या कोळशाच्या आकड्यांकडं विंचू बघावा तशी बघत होती.

सासूबाई साळूबाई आतून म्हणाल्या, ‘‘दोन जास्ती गेली तर देव काय परत करतोय व्हय?’’ मग त्यांना स्वतःलाच नवसाचे शब्द आठवले. एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई. सगळ्या गावानं ऐकलं होतं. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, ‘‘देवाफुडं जिभंनं बांधलेलं हातानं सुटत न्हाई बाई.’’ एका बेलाची दोन दळं तोडून एकच वाहावं तर तो मोडका बेल. महादेवाला मोडका चालत नाही. सगळीकडून कोंडी.

आपणच लावलेली आग आपणच विझवावी म्हणून मी विचार केला. बेलाला क्वचित चार पानंही येतात. तसा एकच सापडला तर काम होतं. तेहतीस हजार तीनशे बत्तीस साधे बेल आणि वर हा चार पानांचा एक. बरोबर लाख. आक्काला सांगितलं तशी तिनं माझे हात धरले. ‘‘शोधते,’’ म्हणाली. आणि आगीतून निघून फुफाट्यात पडली, कारण झाडांना नवी पालवी फुटली तशी ती एकेक पान मोजत हिंडायला लागली.

चैत्रात सारजा बाळंतपणाला माहेरी आली. पोट मोठं, तोंड सुकलेलं. ओट्यावर बसून राहायची. येईल त्याला विचारायची, ‘‘आई कुटं गेली?’’

‘‘बेलाला.’’

‘‘कालबी बेलाला, आजबी बेलाला.’’ एकदा ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, ‘‘काकी, मला लई भ्या वाटतंय. मला लाख नगं. आई जवळ पायजे.’’ मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘आगं, तिच्यासाठीच तर चाललंय!’’ खरंच होतं ते. म्हणून मला जास्तच राग आला.

चिंचोके तीनशे तेहतीस झाले. वर बत्तीस बेल वाहून आक्का थांबली. आता फक्त चार पानं राहिली होती, आणि ती एकाच देठावर यायला हवी होती.

एका सकाळी सावळा धनगर पळतच आला. मुठीत पंचा, पंचात बेल. पाच पानांचा! बघायला अर्धं गाव लोटलं. पंचदळी बेल म्हणजे केवढं भाग्य. गेणबानं तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला. सासूबाईंनी सावळ्याला गूळ दिला. आक्काचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. आणि मी मनातल्या मनात आकडे मांडत उभी. पाच वजा केले तर राहतात नव्याण्णव हजार नऊशे पंच्याण्णव. आकड्यांची बेरीज एक्केचाळीस. तिनानं भाग जात नाही.

‘‘पाचानं जमत न्हाई,’’ मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी पिंडीवर पाय दिला. ‘‘चारापरास पाच मोठं न्हवं का?’’ सावळा म्हणाला.

‘‘मोठं हाय. पन बसत न्हाई. चार ऱ्हायल्यात, पाच वाहिलं तर एक जास्ती व्हतं. आता असलाच दुसरा पाच पानांचा घावला असता, तर तीन-तीनाचं दोन बेल काढून जमलं असतं. पन वाहिल्यालं काढायचं कसं?’’

‘‘बाई,’’ सावळा कळवळून म्हणाला, ‘‘ह्यो एक घावायला माझी शेरडं दोन दिस उपाशी हायेत.’’

 आक्कानं तो बेल गेणबाच्या हातात परत दिला. एवढं भाग्याचं पान गावानं नंतर सगळ्यांच्या वतीनं वाहिलं, आणि तिनं ते लांबूनच बघितलं.

वैशाख लागल्यावर एका दुपारी सारजाच्या पोटात कळा यायला लागल्या. सुईण तुकाबाई आली, पाणी तापलं, दार लोटलं. आक्का घरात नव्हती. सारजा दर कळेला ‘आई, आई’ करत होती. तुकाबाई मला म्हणाली, ‘‘पोरगी भ्यालीया. जोर करंना. आईला आना आधी.’’ मी अनवाणी पळाले. जमीन तव्यासारखी तापलेली. देवळात आक्का पिंडीपुढं बसली होती, मांडीत बेलाची एक वाळकी डहाळी घेऊन. एकेक देठ उलटून बघत होती.

‘‘आक्का, चला! सारजा हाका मारतीया!’’

‘‘सुटली?’’

‘‘न्हाई अजून. चला.’’

‘‘मग अजून येळ हाय.’’ ‘‘ही डाहाळी बघू दे. चारच ऱ्हायल्यात गं रत्ना. ती सुटायच्या आत. एवढी डाहाळी...’’

माझं डोकंच फिरलं. थोरल्या जावेला मी कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी देवापुढं किंचाळले, ‘‘महादेव हितंच ऱ्हानार हाय! त्याला कुटं जायाचंय? तुमची पोरगी चाललीया! तिला तुमी पायजे, पानं न्हाईत!’’

 आक्कानं डहाळीवरचा एक बेल खुडला. साधा, तीन पानांचा. तो वाहिला की चार पानांची वाट कायमची बंद, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. एवढे दिवस तेवढंच तर ती घोकत होती. तिनं तो पिंडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘ह्ये तीन घे. एक माज्याकडं ऱ्हायलं.’’ आणि पदर खोचून ती माझ्या पुढं पळत सुटली.

घरात गेल्या गेल्या तिनं सारजाला मागून कवेत धरलं. ‘‘आले बाय, आले. कुटं न्हाई जात आता.’’ उन्हं उतरायच्या आधी बाळ रडलं. मुलगी. काळीसावळी, डोकंभर जावळ. भिवाजी दारात उभे राहून रडत होते, सासूबाई देवाला हात जोडत होत्या.  आक्का तेवढी बाळाच्या पोटाकडं बघत होती, वर-खाली होतंय का.

पाचवी झाली. महिना झाला. पण सगळ्यांचा जीव खाली पडला तरी आक्काचा पडला नाही. देवळात जायची, पाणी घालायची, कण्हेरीची फुलं वाहायची. बेल मात्र एकही नाही. चुकून फुलांबरोबर एखादं पान आलेलं दिसलं तर हात झटकायची. आषाढात पोरीला ताप भरला. डोळे उघडेना, अंगावरचं दूध ओढेना. पौडच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, आणि आक्का कोपऱ्यात पुटपुटत होती, ‘‘त्याचं एक पान ऱ्हायलंय. त्ये मागतुया त्यो.’’ मी तिच्यापाशी बसायची. आकड्यानं घातलेलं कोडं आकड्यानं सुटत नव्हतं. ताप उतरला तेव्हा सारजानं बाळाला घट्ट धरलं, आणि आक्का तिथंच भिंतीला टेकून झोपून गेली. किती दिवसांनी झोपली कोण जाणे.

श्रावणात भिवाजी ओढ्याकडून आले ते ओंजळ धरून. ओंजळीत मातीसकट एक रोप. बेलाच्या झाडाखाली बी पडून नुकतंच उगवलेलं. त्याला अजून तीन पानांचे बेल फुटले नव्हते. पहिली पानं होती ती सुटी, एका देठाला एकच, कुठंही न मोडलेलं, मुळातच एकटं.

‘‘बघ,’’ ते म्हणाले. माझे दीर बोलायचे कमी. ‘‘एक.’’

मला तर नाचावंसं वाटलं. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवांवर एक! लाख! सासूबाईंनी तिथूनच हात जोडले. सोमवारच होता. आम्ही सगळे देवळात गेलो, सारजा बाळाला घेऊन. गेणबानं पिंडी स्वच्छ धुतली. आक्कानं त्यातलं एक पान हळूच खुडलं, धुतलं, आणि हात पुढं केला.

हात तसाच राहिला. आम्ही वाट बघत होतो. मग तिनं हात मागं घेतला.

‘‘वाहा की,’’ गेणबा म्हणाला.

‘‘न्हाई वाहात.’’

‘‘आगं, नवस पुरा व्हतुया!’’

‘‘त्येच.’’ आक्का पिंडीकडं बघत होती, आवाज अगदी हळू. ‘‘ती सुटायच्या आत लाख देते म्हनलं व्हतं. एक ऱ्हायलं, तरी पोर जगली. तापातनंबी उठली. म्या इतके दिस भ्यायले, की त्यो एका पानापायी तिला न्हेईल. पन सावकार कवा आपल्या कुळाला मरू देतो का? येनं हाय तवर त्यो कुळाकडं ध्यान ठेवतो. आज ह्ये पान दिलं की येव्हार मिटला. मग त्यो माझ्या नातीकडं कशाला बघंल?’’

  मला हसू यायला हवं होतं, आणि माझे डोळे भरून आले. आक्कानं ते पान माझ्या हातात दिलं. ‘‘तू वाहा. तुज्या नावानं. माजं म्हनून न्हवं.’’ मी वाहिलं.

परतताना ती सगळ्यांच्या मागं राहिली. पुढं सारजाच्या खांद्यावरून बाळ आमच्याकडं टकामका बघत होतं. बांधापाशी आक्कानं माझं कोपर धरलं. तिच्या तोंडावर पुन्हा तीच काळजी.

‘‘रत्ना, तुजं गनित पक्कं हाय न्हवं? त्यात कुटं काय चुकलं न्हाई न्हवं? एक ऱ्हायलंच हाय न्हवं त्याचं माझ्याकडं?’’

‘‘ऱ्हायलंच हाय, आक्का,’’ मी म्हटलं.

‘‘पुन्यांदा मांड बघू,’’ ती म्हणाली.

मी तिथंच बांधावर बसले आणि काडीनं ओल्या मातीत लाखाला तीन मांडायला घेतले.